बुरशी लागली तरी विष नाही: असा शेंगदाणा प्रयोगशाळेत आहे, मग बाजारात का नाही?

ऐरोलीची_माया (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागात असते. शेतीच्या विभागात पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

ऐरोलीत माझा छोटा घरगुती उद्योग आहे. दाण्याची सुकी चटणी, कूट, लाडू. दाणे वाशीच्या मार्केटमधून आणते, अख्खे, निवडून. मध्यंतरी एका दुकानसाखळीने माल ठेवायच्या आधी अफ्लाटॉक्सिनचा अहवाल मागितला. नमुना तपासायला दिला, तर आकडा मर्यादेच्या वर! दाणे दिसायला टवटवीत, खवटपणाचा वाससुद्धा नाही. दुकानाने हात वर केले. ज्याच्याकडून पोतं घेतलं तो म्हणतो, "आमच्याकडून गेला तेव्हा माल चांगला होता, तुमच्याकडे ओल लागली असेल." (नावं विचारू नका, भांडण काढायला धागा नाहीये.)

मग वाचत बसले. अस्परजिलस फ्लेवस नावाची पिवळट-हिरवी बुरशी हे विष बनवते. यकृताचा कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत ते अगदी वरच्या गटात आहे. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा थेट खायच्या दाण्यांना किलोमागे १० मायक्रोग्रॅम, पुढे प्रक्रिया करायच्या दाण्यांना १५. युरोपात थेट खायच्या दाण्यांना फक्त ४. हे विष लक्षात आलं तेच १९६० साली, इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले तेव्हा. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती. आणि १९७४ मध्ये आपल्याकडे राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली. हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

आता मूळ प्रश्न. हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट ही संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्येच जनुकबदल करून असा शेंगदाणा तयार केल्याचं प्रसिद्ध केलंय की ज्यात हे विष जवळजवळ तयारच होत नाही. मग तो आपल्यापर्यंत का पोचला नाही? त्यात काही धोका निघाला का? की नेहमीप्रमाणे फाइल अडकली? जाणकारांनी सोप्या भाषेत सांगा.

---

खवय्या_नौपाडा

बापरे. आम्ही रोज संध्याकाळी खारे दाणे फस्त करतो. भाजल्यावर, तळल्यावर हे मरत नाही का?

---

पेशीभित्तिका

खवय्या, बुरशी मरते, विष मरत नाही. भाजल्याने थोडं कमी होतं, पण घरच्या कढईच्या आचेला ते बऱ्यापैकी दाद देत नाही. खारे दाणे सोडू नका, फक्त सुरकुतलेला, काळपट, कडू लागलेला दाणा "एकच तर आहे" म्हणून गिळू नका. थुंकून टाका.

मायाताई, मी वनस्पती जैवतंत्रज्ञानात काम करते. शेंगदाण्यावर नाही, त्यामुळे इक्रिसॅटची वकिली करायचं कारण नाही. त्या कामात दोन वेगळ्या युक्त्या होत्या, बातम्यांत त्यांची खिचडी झाली.

पहिली युक्ती डिफेन्सिनची. ही छोटी प्रथिनं असतात आणि बहुतेक झाडं स्वतःच्या बचावासाठी ती बनवतात. लसूणघास आणि तिची एक जवळची भाईबंद वनस्पती, यांची अशी दोन जनुकं शेंगदाण्यात घातली. बुरशीला मुळात दाण्यात शिरणं जड जावं, हा हेतू.

दुसरी मला जास्त आवडते. बुरशी शिरलीच तर शिरू दे, पण तिला विष बनवता येऊ नये. अफ्लाटॉक्सिन एका झटक्यात बनत नाही, बऱ्याच पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला बुरशीचं एकेक विकर लागतं. त्यातल्या एएफएल-एम आणि एएफएल-पी या दोन जनुकांशी जुळणारा दुपदरी आरएनए (आरएनए म्हणजे जनुकाचा संदेश पेशीत नेणारा रेणू) दाण्यात तयार होईल अशी सोय केली. दुपदरी आरएनए दिसला की झाडाची पेशी त्याचे वीस-बावीस अक्षरांचे तुकडे पाडते. बुरशी दाण्यातून अन्न ओढते तेव्हा हे तुकडेही ओढले जातात. आत गेल्यावर बुरशीचीच यंत्रणा ते वापरून स्वतःच्या जनुकाचा संदेश कापून टाकते. विकर नाही, पायरी नाही, विष नाही. बुरशी जिवंत असते, वाढते, पण तिच्या हाती हत्यार उरत नाही.

निवडक वाणांत विषाचं प्रमाण नगण्य आलं. त्याच वर्षी अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठातल्या गटाने मक्यात हीच युक्ती एएफएल-सी या जनुकावर करून दाखवली. म्हणजे एकाच प्रयोगशाळेचा योगायोग नव्हे.

धोका निघाला का? आरएनएच्या युक्तीत दाण्यात नवं प्रथिन बनतच नाही, त्यामुळे ॲलर्जीचा प्रश्न खूप सोपा होतो. डिफेन्सिन मात्र प्रथिन आहे. शेंगदाणा आधीच ॲलर्जीसाठी बदनाम, तिथे ही तपासणी कसून व्हायलाच हवी. फाइलीचं नंतर लिहिते, आता प्रयोग लावलाय.

---

मातीशी_इमान

आलं का पुन्हा जीएम, जनुकबदलाचं पीक! आधी बीटी कापूस, मग वांगं, आता शेंगदाणा. आजीच्या काळी शेंगा अंगणात वाळायच्या, वर टांगून ठेवायच्या, कुणाला काही झालं नाही. निसर्गाने दिलेल्या बियाण्यात बुरशीचं जनुक घुसवायचं आणि वर म्हणायचं सुरक्षित आहे. कंपन्यांची दुकानदारी आहे सगळी.

---

ऐरोलीची_माया

इमानदादा, बांसवाड्याचा मका १९७४ चा होता. तेव्हा जीएम कुठे होतं? आजीच्या काळी कुणाला काही झालं नाही असं नाही, तपासत कुणी नव्हतं.

---

खवय्या_नौपाडा

+१

---

दाणाबंदर_गाळा

मी बोलू का, माल विकणारा म्हणून? शिव्या नंतर द्या.

ताई, तुमचं पोतं वाईट होतं की नाही हे तो अहवाल सांगूच शकत नाही. नमुना किती दिला होता? पाव किलो? अर्धा किलो? हे विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. हजार दाणे स्वच्छ आणि एकात प्रचंड. तो एक तुमच्या पुडीत आला की आकडा वर, नाही आला की शून्य. युरोपला माल पाठवणारे मोठ्या लॉटमधून शंभर ठिकाणचा थोडा थोडा माल काढून वीस किलोचा नमुना करतात, तो दळतात, मिसळतात, मग तपासतात. तेवढा सोपस्कार वाशीत रोजच्या मालाला कोण करणार?

दुसरं, माल बिघडतो कुठे? थोडा शेतात, थोडा वाटेत. शेंग फोडायच्या यंत्रावर दाणा तुटू नये म्हणून आधी शेंगांवर पाणी मारतात. दाणा अख्खा निघतो, भाव चांगला येतो, वजनही वाढतं. मग तोच ओलसर दाणा पोत्यात शिवून ट्रकमध्ये दोन-तीन दिवस ताडपत्रीखाली. आमच्याकडे पोतं उघडलं की हात घालून बघतो. मधला दाणा बाहेरच्यापेक्षा कोमट लागला की समजायचं आत काम सुरू आहे. जून ते सप्टेंबर वाशीची हवा तुम्हाला माहीतच आहे, कोरडा मालसुद्धा ओढतो.

तुम्ही ५०-६० चा घेता की ६०-७० चा (एका औंसात किती दाणे बसतात तो आकडा)? की तुकडा?

---

ऐरोलीची_माया

६०-७० चा, जावा जातीचा. तुकडा कधीच नाही. दादा, पाणी मारतात हे पहिल्यांदाच ऐकतेय!

---

दाणाबंदर_गाळा

सगळे मारत नाहीत. पण कूट-चिक्कीवाले बरेच जण तुकडा नेतात, स्वस्त पडतो. तुटलेल्या, साल उडालेल्या दाण्यालाच बुरशी आधी धरते. सॉर्टेक्स मशीन रंग बघून खराब दाणा फुंकून बाहेर काढतं, त्यानंतर बायका पट्ट्यावर बसून हाताने निवडतात, त्याला एचपीएस म्हणतात. किलोमागे भाव चढा असतो. देणारे देतात.

---

मुरबाडकर

माझं घर कल्याणला, शेती मुरबाडला, भात. शेंगदाण्यातलं मला कळत नाही, पण बुरशीतलं कळतं. यंदा करपा एवढा होता की विचारू नका. आधी पानावर डोळ्यासारखा ठिपका, दोन्ही टोकं निमुळती, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. दोन-चार दिवस ढगाळ राहिलं, सकाळी धुकं पडलं की ठिपक्याला ठिपका मिळतो आणि पान जळाल्यासारखं होतं. ते एक वेळ परवडलं. खरा घात लोंबी बाहेर पडल्यावर. मानेशी काळं पडतं, लोंबी पांढरी फटक उभी राहते आणि हातात घेतली तर सगळी पोचट. शेजाऱ्याने युरिया जास्त टाकला होता, त्याचं तर खाचर लांबून ओळखू येत होतं.

दोन फवारण्या केल्या. मजुरी, औषध, पंपाचं भाडं धरलं तर भात विकत घेतलेलं बरं. बुरशीला दाद न देणारं बियाणं शास्त्रज्ञ बनवू शकतात, तर भाताचं का नाही?

---

पेशीभित्तिका

मुरबाडकर, भाताचं आहे आणि त्यासाठी जीएमची गरजसुद्धा पडली नाही.

करप्याला तोंड देणारी जनुकं भातातच, काही जुन्या आणि रानटी वाणांत सापडली. पीआय-२, पीआय-५४ अशी त्यांची नावं. साधा संकर करायचा आणि प्रत्येक पिढीत रोप छोटं असतानाच डीएनएची खूण तपासून ज्यात जनुक उतरलं तेवढीच रोपं पुढे न्यायची. दिल्लीच्या पुसा संस्थेने अशा पद्धतीने २०२१ मध्ये १८४७, १८८५ आणि १८८६ हे बासमती वाण आणले. त्यांत करपा आणि कडा करपा या दोन्हींची जनुकं एकत्र आहेत. घाईचं कारणही होतं. करप्यावर मारतात त्या ट्रायसायक्लाझोलच्या अंशाची मर्यादा युरोपने एकदम १ वरून ०.०१ पीपीएमवर आणली आणि बासमतीवाल्यांची झोप उडाली.

कडा करपा हा जीवाणूचा रोग, बुरशीचा नाही. पण त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. एक्सए-२१ हे जनुक आफ्रिकेतल्या मालीमधल्या एका रानटी भातातून आलं, १९९५ मध्ये ते वेगळं काढलं आणि आपल्याकडे सुधारित सांबा मसुरीत संकरानेच उतरवलं. तुमच्या भागासाठी अशी जनुकं कोणत्या वाणात आहेत, ते कर्जतच्या भात संशोधन केंद्रात विचारा. ते केंद्र कोकणाच्या हवेतच वाण पारखतं, तुम्हाला बासमती घेऊन काय करायचंय!

---

चष्मिष_घोडबंदर

मग झालं की. साध्या संकराने होतंय तर जनुकबदलाचा उद्योग कशाला? इमानराव, तुमचा मुद्दा आयताच सिद्ध झाला.

---

निवृत्त_ट्रॉम्बे

थोडे थांबा. मी आयुष्यभर खाडीच्या पलीकडे नोकरी केली, आता नेरुळला असतो. माझे खाते किरणोत्सर्गाचे होते, शेतीचे नव्हे, पण शेंगदाण्याचा इतिहास आमच्या आवारातूनच गेला आहे.

भाभा अणुसंशोधन केंद्रात क्ष-किरण आणि गॅमा किरणांनी बियाण्यात उत्परिवर्तन घडवून शेंगदाण्याचे अनेक वाण तयार झाले. त्यांपैकी टीएजी-२४ हा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर केलेला वाण देशभर पोचला. बुटका, लवकर येणारा, शेंगा भरपूर. इमान यांनी लक्षात घ्यावे की या पद्धतीत कोणत्या जनुकात काय बदलले हे आधी कोणालाच माहीत नसे. हजारो रोपांतून निवड करावी लागे. ते दाणे आपण सर्वांनी आनंदाने खाल्ले आहेत.

या वाणाची दुखरी बाजू म्हणजे पानांवरील तांबेरा. पानाच्या मागे नारिंगी पुटकुळ्या येतात, बोट फिरवले की बोटाला पूड लागते. जोडीला टिक्क्याचे काळे डाग आले की पाने गळतात, शेंग भरत नाही आणि गुरांचा पालाही जातो. धारवाडच्या जीपीबीडी-४ या वाणात तांबेऱ्याला विरोध होता. तो गुण डीएनएच्या खुणा पाहून टीएजी-२४, जेएल-२४ आणि आणखी एका वाणात उतरवल्याचे काम इक्रिसॅटने २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे पानांच्या रोगापुरते चष्मिष यांचे म्हणणे बरोबर आहे. अफ्लाटॉक्सिनला तसा भक्कम विरोध करणारा दाता वाण मात्र मिळालेला नाही. असला तर अर्धवट, आणि शेवटच्या महिन्यात पावसाने ओढ दिली की तोही ढासळतो. घरात जे नाही ते संकर करून कुठून आणणार?

---

पेशीभित्तिका

काका, दंडवत. मी तीन परिच्छेदांत लिहिणार होते ते तुम्ही शेवटच्या दोन वाक्यांत लिहिलंत.

चष्मिष, माझा निकष हाच. पिकाच्या गोतावळ्यात प्रतिकार असेल तर संकर. आहे त्या जनुकाला किंचित खोडून काम होत असेल तर जनुकसंपादन. गोतावळ्यातच नसेल तर मग बाहेरून.

खोडण्याचं उदाहरण म्हणजे भुरी, पानावर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग. गहू, बार्ली, टोमॅटो यांच्यात एमएलओ नावाचं जनुक आहे. ते चालू असलं की भुरीच्या बुरशीला पेशीत शिरायला वाट मिळते. ते बंद पाडलं की वाटच बंद. बार्लीत असा बदल १९४२ मध्ये जर्मनीत क्ष-किरणांनी घडवला होता (काका खूश होतील). गव्हात मात्र त्या जनुकाच्या तीन जोड्या, तिन्ही एकदम बिघडवणं किरणांच्या नशिबावर सोडून चालत नाही. २०१४ मध्ये चीनमधल्या गटाने जनुकसंपादनाने ते केलं.

बाहेरून आणण्याच्या बाबतीत निसर्ग आपल्यापेक्षा निर्लज्ज आहे. गव्हाच्या ओंबीला फ्युझेरियम नावाची बुरशी लागते, तीही धान्यात विष सोडते. त्या विषाला निकामी करणारं एफएचबी-७ हे जनुक गव्हाच्या एका रानटी नातेवाइकात सापडलं. २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं की ते मुळात गवतात राहणाऱ्या एका बुरशीचं जनुक असावं आणि कधीकाळी आपोआप त्या गवतात शिरलं असावं. इमानदादा, "बियाण्यात बुरशीचं जनुक" हा पराक्रम माणसाच्या आधी झालाय.

---

मातीशी_इमान

निसर्ग लाखो वर्षं घेतो, तुम्ही दोन वर्षांत करता. फरक आहे. आणि सगळा देश एकाच बियाण्यावर गेला की काय होतं ते अमेरिकेत १९७० मध्ये दिसलं ना? मक्याचं पान करपून गेलं होतं.

---

पेशीभित्तिका

हा मुद्दा खणखणीत आहे, त्याला टाळी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत संकरित मक्याचं बियाणं बनवताना नराचे तुरे हाताने खुडावे लागू नयेत म्हणून टेक्सास प्रकारचं पेशीद्रव्य (त्याने तुऱ्यात परागच धरत नाहीत) असलेला मका सर्रास वापरला जात होता. बहुसंख्य शेतांत तेच. पानावर येणाऱ्या करप्याच्या बुरशीची एक नवी जात आली, ती टी-टॉक्सिन नावाचं विष सोडायची आणि ते विष नेमकं याच मक्याच्या पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांना भोकं पाडायचं. देशाच्या मका पिकातला सुमारे १५ टक्के हिस्सा एका हंगामात गेला.

फक्त हा मका जीएम नव्हता, साध्या संकराचा होता. दोष एकसुरीपणाचा. जीएम वाण आला आणि सगळ्यांनी तोच पेरला तर तोच घोळ पुन्हा होईल, हे मला मान्य आहे. म्हणूनच इक्रिसॅटने दोन युक्त्या हाताळल्या याला महत्त्व आहे.

बुरशीचं विष दोन तऱ्हेचं असतं हेही यात आलं. अफ्लाटॉक्सिन आपलं यकृत खातं. टी-टॉक्सिनसारखी विषं बुरशी पानावर हत्यार म्हणून वापरते. मक्यात एचएम-१ नावाचं जनुक दुसऱ्या एका पानकरप्याचं विष थेट निकामी करतं. ते १९९२ मध्ये वेगळं काढलं, आणि वनस्पतीतलं वेगळं काढलेलं पहिलं रोगप्रतिकारक जनुक म्हणून तेच गणलं जातं. म्हणजे या शास्त्राची सुरुवातच बुरशीच्या विषापासून आहे.

---

खवय्या_नौपाडा

अवांतर: वाशीत मार्केटजवळ मसाल्यांवर किरणोत्सर्ग करायचा सरकारी कारखाना आहे ना? दाणेही त्यातून काढा, विषय संपला.

---

निवृत्त_ट्रॉम्बे

आहे, २००० सालापासून. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी मसाल्यांतील जंतू, बुरशी, कीड नष्ट होते. परंतु बुरशीने आधीच सोडलेले विष त्या मात्रेला तसेच राहते. शिवाय तेलबियांना जास्त मात्रा दिली की तेल लवकर खवट होते. हा उपाय जंतूंवरचा आहे, विषावरचा नव्हे.

---

चष्मिष_घोडबंदर

फाइलीचं मी लिहितो, तो माझा प्रांत.

जनुकबदल केलेलं पीक शेतात लावायचं तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांनुसार केंद्राच्या जीईएसी समितीची परवानगी, आणि चाचणीला राज्याचं ना-हरकत पत्र. आजवर शेतकऱ्याच्या हातात कायदेशीरपणे पोचलेलं पीक एकच, बीटी कापूस, २००२. बीटी वांग्याला समितीने २००९ मध्ये हिरवा कंदील दिला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये मंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. तेच वांगं बांगलादेशात २०१४ पासून शेतात आहे. मोहरीच्या डीएमएच-११ वाणाला २०२२ मध्ये मंजुरी, २०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचा निकाल वेगवेगळा. अशा रांगेत शेंगदाणा घेऊन कोण उभा राहील?

मार्च २०२२ मध्ये सरकारने जनुकसंपादित पिकांना, त्यांत परका डीएनए उरला नसेल तर, या जाचातून मोकळं केलं. मे २०२५ मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीरही झाले. पण पेशीभित्तिका सांगतायत त्या शेंगदाण्यात परकं जनुक ठेवावंच लागतं. म्हणजे त्याला मोकळी वाट नाही.

आणि विनोद बघा. २०२१ मध्ये कोंबडीखाद्याचे भाव भडकले तेव्हा १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. उतरवायच्या ठिकाणांत आपलं न्हावा शेवा होतं. पेरायला बंदी, उतरवून घ्यायला मुभा.

---

प्रशासक

एक राजकीय प्रतिसाद उडवला आहे. धाग्याचा काश्मीर करू नये ही विनंती.

---

कराडचा_नेरुळमध्ये

इतका वेळ वाचत होतो. कायदा, विरोध वगैरे ठीक, पण शेंगदाणा पेरणाऱ्याला विचाराल तर खरं कारण बियाण्याचं गणित आहे.

कापसाचं संकरित बियाणं एकरी एक-दोन पाकिटं लागतं आणि दरवर्षी नवीन घ्यावं लागतं. कंपनीला त्यात पैसा. भुईमुगाला एकरी चाळीस-पन्नास किलो दाणे लागतात. एका किलोचे पुढच्या वर्षी फार तर आठ-दहा किलो बियाणं होतं. साठवायला जागा, वाहतूक, उगवण टिकवायची कटकट. वर पीक स्वपरागी, म्हणजे एकदा घेतलं की आमच्या वडिलांसारखा माणूस पुढची पाच वर्षं घरच्याच शेंगा ठेवणार. कोणती कंपनी यात हात घालेल? इमानदादा म्हणतात तशी कंपन्यांची दुकानदारी असती तर हा दाणा कधीच आला असता.

आणि आला तरी मला जास्त भाव कोण देणार? आज व्यापारी ओलावा बघतो, दाण्याचा आकार बघतो, तेलाचा उतारा बघतो. विष कुणी बघत नाही. न दिसणाऱ्या गुणाचे पैसे मिळत नाहीत.

---

दाणाबंदर_गाळा

खरं आहे. निर्यातीचा माल सोडला तर विचारत नाही कुणी.

---

ऐरोलीची_माया

कराडकर, हे कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. गाळेवाले दादा, एक विचारू? सॉर्टेक्सने फुंकून काढलेला, निवडताना बाजूला टाकलेला दाणा जातो कुठे?

---

दाणाबंदर_गाळा

तेलाला. फेकत कुणी नाही.

---

पेशीभित्तिका

आणि म्हणूनच निवडणं हा तुमच्या घरापुरता उपाय आहे, ताई. तेल शुद्धीकरण कारखान्यात गेलं तर क्षाराच्या प्रक्रियेत विष जवळपास निघून जातं. लाकडी घाण्याचं, न गाळलेलं, गढूळ तेल असेल तर थोडं त्यात राहू शकतं. घाणेवाला कोणता दाणा घालतो हे बघितल्याशिवाय "शुद्ध" म्हणून घेऊ नका. उरलेलं बहुतेक पेंडीत. पेंड गाई-म्हशींना. त्यांच्या पोटात त्याचं एम-१ हे रूप होतं आणि दुधात उतरतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या दूध पाहणीत साधारण पावणेसहा टक्के नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त सापडलं होतं. भेसळीपेक्षा मोठी काळजी हीच, असं तेव्हाच पुढे आलं होतं.

शेतातच विष बनलं नाही तर ही साखळी सुरूच होत नाही. माझा या दाण्याला पाठिंबा एवढ्यासाठीच आहे. बियाणं मात्र कृषी विद्यापीठांनी वाढवून द्यावं लागेल, कराडकर म्हणतात तसं कंपनी येणार नाही.

---

मातीशी_इमान

तोपर्यंत लोकांनी काय करायचं? आफ्रिकेत अफ्लासेफ म्हणून वापरतात. त्याच बुरशीच्या विष न बनवणाऱ्या जाती ज्वारीच्या दाण्यावर लावून शेतात टाकतात. त्या जागा अडवतात, विषारीला वाव मिळत नाही. नायजेरियातल्या संस्थेचं काम आहे. जनुकाला हात लावायचा नाही. यावर का बोलत नाही तुम्ही?

---

पेशीभित्तिका

बोलायला हवं होतं, उत्तम उपाय आहे. आपल्याच मातीतल्या निर्विष जाती शोधून तसं करता येईल. शेवटच्या महिन्यात एक पाणी जास्त, शेंगा काढल्यावर वेल उलटे ठेवून नीट वाळवणं, फोडताना पाणी न मारणं, याचाही मोठा फरक पडतो. मला जीएमच हवं असं नाही, विष नको आहे.

---

कराडचा_नेरुळमध्ये

शेवटचं पाणी जास्त द्या म्हणताय. आमच्याकडे उन्हाळी भुईमुगाच्या शेवटच्या पाण्याच्या वेळी विहीर तळाला असते. बाकी सगळं मान्य.

---

मुरबाडकर

कर्जतला फोन लावला. करप्याला दाद न देणारं बियाणं आहे म्हणतात, मे महिन्यात या म्हणाले. ताई, तुमचं काय ठरलं?

---

ऐरोलीची_माया

एचपीएस घेणार. अख्खं पोतं पसरून वेगवेगळ्या ठिकाणचे दाणे काढून मोठा नमुना करणार, दळून मग पाठवणार. चटणीचा भाव वाढवावा लागेल, गिऱ्हाईक कुरकुरेल. आणि दूधवाल्या भैयाला पेंड कुठून आणतो ते विचारलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

---

दाणाबंदर_गाळा

सोमवारी सकाळी या, नवीन माल उतरतोय. पोत्यात हात घालून बघा आणि मगच घ्या.